हलक्या स्विच रॉडसाठी ब्लँक निवडताना: आधी लाइन, मग लांबी, नंबर सगळ्यात शेवटी

फ्लाय फिशिंगची (धागे-पिसांच्या खोट्या माशीने, म्हणजे फ्लायने, मासे धरायची) स्विच रॉड एका हाताने चालते आणि दोन्ही हातांनीही. लांबी साधारण साडेदहा ते साडेअकरा फूट, रील सीटच्या वर लांब ग्रिप आणि खाली तीन-चार इंचांची आखूड ग्रिप. पाठीमागे देवदार, दगडी कठडा किंवा उभा कडा असला की लाइन मागे उडवायला जागाच उरत नाही. हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या काठावर बऱ्याच ठिकाणी हेच होतं. अशा जागी लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे फेकायच्या रोल कास्ट आणि स्पे कास्टवरच काम भागवावं लागतं, आणि त्या दोन्हींना लांब रॉड सोयीची पडते.

बडोद्यात बसून अशी रॉड बांधायची तर सगळ्यात मोठा निर्णय ब्लँकचा, म्हणजे रॉडच्या कोऱ्या नळीचा. गाइड (लाइन ओवायच्या कड्या), कॉर्क, रील सीट चुकलं तर बदलता येतं. ब्लँक चुकला तर त्यावरची सगळी मेहनत वाया. शिवाय हातात घेऊन, हलवून बघायची सोय इथे नाही, परदेशी दुकानाच्या पानावरचे चार आकडे बघून पैसे भरायचे. त्यामुळे ते आकडे वाचता येणं, आणि तिथे न दिलेले आकडे विचारून घेणं, यातच निम्मं काम आहे.

इथे हलकी म्हणजे ३ ते ५ नंबरची. रॉड किती जड लाइनसाठी आहे ते हा नंबर सांगतो. ट्राउट, लहान फ्लाय, दोन इंचांपर्यंतचे स्ट्रीमर (छोट्या माशासारख्या लांबट फ्लाय) एवढाच तिचा आवाका. उत्तराखंडात रामगंगेतल्या महाशीरसाठी ही रॉड नव्हे. तिथे ७-८ नंबरच्या खाली उतरू नये, कारण मऊ रॉडवर मासा फार वेळ झुंजत राहतो आणि दमून गेलेला मोठा मासा सोडून दिला तरी वाचेलच असं नसतं.

लाइन ठरल्याशिवाय ब्लँक बघू नका

फ्लाय रॉड वजन फेकते ते लाइनचं. म्हणून पहिला प्रश्न: या रॉडवर कुठलं हेड (लाइनचा पुढचा जड भाग) चालवायचं आहे? हेडचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. १ ग्राम म्हणजे १५.४३ ग्रेन, त्यामुळे ३०० ग्रेनचं हेड साडेएकोणीस ग्रामच्या आसपास भरतं.

हलक्या स्विचवर तीन तऱ्हेच्या लाइन चालतात. स्कॅगिट हेड आखूड आणि जाड असतं, १२ ते २० फुटांचं, आणि पुढे दहा फुटी सिंक टिप (बुडणारं टोक) जोडून स्ट्रीमर खोल न्यायला उपयोगी. स्कँडी हेड लांब आणि निमुळतं, पंचवीस-तीस फुटांचं, पुढे लांब लीडर (फ्लाय बांधायचा बारीक दोरा), पाण्याच्या वरच्या थरात छोट्या फ्लायसाठी. तिसरी नेहमीची वेट-फॉरवर्ड लाइन, जी एका हाताने डोक्यावरून फेकायची किंवा इंडिकेटर (तरंगती खूण) लावून निम्फसाठी (पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायसाठी) वापरायची.

तिन्ही एकाच ब्लँकवर सारख्याच छान चालतील असं धरू नका. स्कॅगिटला खोलपर्यंत वाकणारा, जरा संथ ब्लँक आवडतो, स्कँडीला टोकाकडे झटपट उभा राहणारा. एका हाताने दिवसभर चालवायची असेल तर दोन्हीपेक्षा वजन जास्त महत्त्वाचं. स्वतःला विचारा की दहापैकी सात वेळा काय करणार, आणि त्या सातांसाठी ब्लँक घ्या. उरलेले तीन कसेबसे जमतात.

ढोबळ अंदाज असा: ३ नंबरच्या स्विच ब्लँकला स्कॅगिट हेड २२५ ते २७० ग्रेन, ४ नंबरला २७० ते ३३०, ५ नंबरला ३३० ते ३९०. स्कँडी त्याहून ३० ते ६० ग्रेन कमी. स्कॅगिटच्या वजनात पुढची टिप धरलेली नसते, आणि गडबड इथेच होते. टी-८ या सिंक टिपचं वजन फुटाला ८ ग्रेन, म्हणजे दहा फुटांना ८०. चारशेच्या घरातल्या हेडला ते जड नाही. पण २४० ग्रेनच्या हेडपुढे ८० ग्रेनची टिप म्हणजे हेडच्या तिसऱ्या हिश्शाइतकं ओझं, जे पाण्यातून उचलतच नाही. लोक दोष ब्लँकला देतात. टी-८ टाकायची ठरलेली असेल तर ३ नंबर सोडा आणि ४ किंवा ५ कडे जा.

ब्लँकवरच्या नंबरचा घोळ

सिंगल हँड लाइनचा नंबर पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो: ४ नंबर १२० ग्रेन, ५ नंबर १४०, ६ नंबर १६०, ७ नंबर १८५, ८ नंबर २१०. स्विचचा ४ नंबर मात्र ३०० ग्रेनच्या आसपास मागतो. म्हणजे एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि दुकानं दोन्ही अर्थांनी ब्लँक विकतात.

दोन मापं वेगळी असण्यामागे कारण आहे. डोक्यावरून फेकताना लाइन हवेत सरळ पसरते आणि तिचं जवळजवळ सगळं वजन रॉडला वाकवतं. स्पे कास्टमध्ये हेडचं पुढचं टोक पाण्याला चिकटून अँकर धरतं आणि रॉडला वाकवायला उरतो फक्त डी-लूप, म्हणजे लाइनचा मागे झुललेला डी आकाराचा वळसा. त्या अर्ध्यामुर्ध्या वजनावर रॉड भरायची तर मुळात हेडच जड हवं. शिवाय दोन हातांचा जोर एका हाताहून जास्त.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ४ नंबरचा खरा स्विच ब्लँक सिंगल हँडच्या हिशेबात ६ ते ७ नंबरचा असतो, एका हाताने वापरताना त्यावर ६ किंवा ७ ची वेट-फॉरवर्ड लाइन चढवायची. चारची चढवली तर रॉड वाकतच नाही. दुसरी, ‘अकरा फुटी ४ नंबर’ असं लिहिलेला प्रत्येक ब्लँक स्विच नसतो. निम्फिंगचे ब्लँकही दहा-अकरा फुटी आणि ३-४ नंबरचे असतात, पण त्यांचा नंबर सिंगल हँडचा. त्यावर ३०० ग्रेनचं हेड लावलं की टोक कोसळतं आणि लाइन ढिगाऱ्यासारखी पुढे पडते.

म्हणून दुकानदाराला नंबर विचारूच नका. एकच प्रश्न लिहून पाठवा: या ब्लँकची ग्रेन मर्यादा किती, आणि ती स्कॅगिटसाठी की स्कँडीसाठी? उत्तरात २७०-३३० असा पट्टा आला तर पुढे बोला. नुसतं ‘४ वेट’ आलं तर दुसरा ब्लँक शोधा.

लांबी

साडेदहा फूट एका हाताने सहज चालते, पण दोन हातांनी डी-लूप जरा तोकडा पडतो. साडेअकराला उलट: दोन हातांनी मजा, एका हाताने तासाभरात मनगट धरतं. ३ नंबरसाठी साडेदहा ते पावणेअकरा, ४ नंबरसाठी अकरा, ५ नंबरसाठी अकरा ते सव्वाअकरा फूट हा बसणारा मेळ. डोक्यावर फांद्या असलेल्या अरुंद ओढ्यात शेवटचे सहा इंचही अडतात, आणि तीर्थनच्या वरच्या भागात तर अडतातच.

तुकडे चार घ्या. अकरा फूट म्हणजे १३२ इंच, तीन जोडांमध्ये प्रत्येकी अडीच इंच एकात एक जातात असं धरलं तर प्रत्येक तुकडा ३५ इंचांच्या आसपास येतो. ९५ सेंटिमीटरची नळी रेल्वेत बर्थखाली मावते. दोन इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतात, वेगळी रॉड ट्यूब मागवायची गरज नाही. तीन तुकड्यांचा ब्लँक वाकायला किंचित सरस असतो म्हणतात, पण ४६-४७ इंचांचा तुकडा घेऊन डब्यात शिरलं की ते सरसपण महागात पडतं.

कार्बन कुठला, ॲक्शन कसली

आयएम६, आयएम७, आयएम८ या नावांवर किंमत ठरवू नका. आयएम६ आणि आयएम७ ही हेक्सेल कंपनीच्या कार्बन धाग्यांची नावं, रॉडच्या जाहिरातीत ती कुणीही कशीही वापरतं. एका कंपनीचा आयएम८ दुसऱ्याच्या आयएम६ पेक्षा चांगला असेलच असं नाही. धाग्याचा मॉड्युलस (ताठपणाचं माप) जेवढा जास्त तेवढा तो त्याच वजनात ताठ, म्हणून भिंत पातळ ठेवता येते आणि ब्लँक हलका होतो. पण पातळ भिंत ठोक्याला कच्ची. शिशाचे डोळे लावलेला स्ट्रीमर चुकीच्या कास्टमध्ये वरच्या तुकड्यावर आदळला तर तिथे न दिसणारी चीर पडते आणि रॉड काही आठवड्यांनी भलत्याच वेळी मोडते. स्पे शिकत असाल तर असे ठोके बसणारच. पहिल्या रॉडसाठी मध्यम मॉड्युलसचा, दहा-पंधरा ग्राम जड ब्लँक बरा.

फायबरग्लासचा मोह बऱ्याच जणांना होतो. साडेदहा फुटांपर्यंत, ३ नंबरमध्ये, फक्त स्कॅगिटसाठी तो गोड चालतो. अकरा फुटांवर टोक इतकं जड होतं की कास्ट थांबवल्यावरही ते डोलत राहतं आणि लाइनमध्ये लाटा उठतात.

ॲक्शन, म्हणजे ब्लँक वाकून सरळ होण्याची ढब, मध्यम ते मध्यम-फास्ट. एकदम फास्ट ब्लँक वाचताना छान वाटतो, पण हलक्या हेडला त्याचा खालचा भाग वाकतच नाही आणि सगळं काम टोकाकडचे तीन फूट करत बसतात. डी-लूप भरल्याची जाणीव हाताला होत नाही, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की अँकर सुटतो.

हलकेपणा कुठे मोजायचा

अकरा फुटी ४ नंबरचा नुसता ब्लँक ७० ते १०० ग्राम, बांधून झालेली रॉड १२५ ते १६० ग्राम. दोन ब्लँकच्या वजनात पंधरा ग्रामचा फरक असला तर तो कुठे आहे ते विचारा. बटाकडचे (मुठीकडच्या जाड टोकाचे) पंधरा ग्राम जाणवत नाहीत, उलट तोल साधायला मदतच करतात. टोकाकडच्या दोन तुकड्यांत पाच ग्राम जास्त असले तर संध्याकाळी खांद्याला कळतं. प्रत्येक तुकड्याचं वेगळं वजन सांगणारा विक्रेता मिळाला तर त्याला धरून ठेवा.

उरलेला हलकेपणा बांधणीत कमवायचा. वरच्या दोन तुकड्यांवर जाड एपॉक्सीचा दुसरा थर द्यायचा नाही, दोन पायांच्या स्नेकऐवजी एका पायाचे गाइड लावले की धाग्याचे वेढे आणि एपॉक्सी निम्म्यावर येतात. मात्र गाइडचं तोंड लहान करून वजन वाचवू नका. शूटिंग हेड आणि रनिंग लाइनच्या (हेडमागच्या बारीक लाइनच्या) जोडाचा लूप त्यातून सुटून जायला हवा, नाहीतर ऐन कास्टमध्ये अडकतो.

रील हाही या हिशेबाचा भाग. स्विचचं हेड जाड, रनिंग लाइन लांब, त्यामुळे ४ नंबरच्या स्विचला सिंगल हँडचं ७-८ नंबरचं रील लागतं. रील आणि लाइन लावल्यावर रॉड वरच्या ग्रिपच्या पुढच्या अर्ध्यात, जिथे वरचा हात असतो तिथे, तोलली पाहिजे. शंभर ग्रामचं नाजूक रील लावून रॉड हलकी केली तर टोक पाण्याकडे ओढत राहतं आणि हात जास्त दमतो.

विचारून घ्यायची मापं

टोकाचा व्यास ६४ भागांत सांगतात. ४.५ म्हणजे ४.५/६४ इंच, १.८ मिलिमीटर. ५ म्हणजे जवळजवळ २ मिलिमीटर. हलक्या स्विचला ४.५ ते ५.५ चालतं. त्याहून बारीक टोक निम्फिंगच्या ब्लँकचं लक्षण, सिंक टिप पाण्यातून वर काढताना ते पुरत नाही. टिप-टॉप (टोकावरची शेवटची कडी) नेमक्या मापाचा मागवा, अर्धा नंबर मोठा घेऊन गोंदाने भरलेला टिप-टॉप उन्हात फिरतो.

बटाचा व्यास १० ते १२.५ मिलिमीटरच्या आसपास असतो. रील सीटच्या नळीचं आतलं भोक १६ ते १८, म्हणजे चहूबाजूंनी दोन ते चार मिलिमीटरची पोकळी. ती मास्किंग टेपच्या जाड वळ्यांनी भरायची पद्धत सिंगल हँडला कशीबशी चालते, स्विचला नाही. खालचा हात प्रत्येक कास्टला बट पोटाकडे ओढतो, त्या ओढीने कागदी टेप पिचकतो आणि वर्षभरात रील सीट डुगडुगायला लागते. कडक फोमचे किंवा कार्बनचे आर्बर (ती पोकळी भरणारी कडी) घ्या. ब्लँक निमुळता असतो हे विसरू नका: हँडलची एकूण लांबी १७-१८ इंच, आणि तेवढ्यात ब्लँकचा व्यास बदलतो. आर्बरचं भोक वरच्या आणि खालच्या टोकाला वेगळं कानसावं लागतं. म्हणून व्यास बटाच्या टोकाला किती आणि तिथून १८ इंचांवर किती, दोन्ही विचारा.

ब्लँकचा बट खालच्या ग्रिपच्या शेवटपर्यंत पोचला पाहिजे. रील सीटमध्ये संपणारा ब्लँक म्हणजे खालची ग्रिप गोंदाच्या भरवशावर.

मागवताना ब्लँक, रील सीट, कॉर्क, टिप-टॉप, गाइड सगळं एकाच पार्सलमध्ये मागवा. कस्टम ड्युटी वस्तूच्या किमतीवरच नाही, कुरिअरचा खर्च आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागते, आणि दोन पार्सल म्हणजे लांब नळीचं भाडं दोनदा. न्यूझीलंडची सीटीएस, अमेरिकेतली रेनशॅडो ही ब्लँक विकणाऱ्यांमधली ओळखीची नावं. शोध तिथून सुरू करता येईल.

सिंगल हँड ब्लँक लांबवून

बजेट कमी असेल तर दहा फुटी, ६ किंवा ७ नंबरचा सिंगल हँड ब्लँक घेऊन खाली बट वाढवता येतो. ग्रेनच्या हिशेबात तो ३-४ नंबरच्या स्विचजवळ येतो. तीन-चार इंच वाढवले की साडेदहा फुटांच्या जरा अलीकडे पोचतो, खालची ग्रिप मिळते, आणि एका हाताने तो अस्सल स्विचपेक्षा हलका वाटतो. निम्फिंगचा ब्लँक मात्र या कामाला घेऊ नका, कारण वर आलंच आहे.

वाढवायला बटाच्या आत बसणारी कार्बन किंवा ग्लासची नळी वापरा, आत निदान १० ते १२ सेंटिमीटर जाईल अशी. मकरपुरा जीआयडीसीत लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची कांडी करून घेणं सोपं आणि स्वस्त असतं, म्हणून तो विचार येतोच. पण धातूची कांडी जिथे संपते तिथे ताठपणा एकदम तुटतो आणि ब्लँक नेमका त्या कडेवर चिरतो. कार्बनच्या नळीचंही आतलं टोक कानसून निमुळतं करा. नळी आत हलकी सरकून बसली पाहिजे. ठोकून बसवावी लागली तर बट आतून फाटतो, आणि ढिली असेल तर दोन जागी बारीक धाग्याचे वेढे देऊन मध्यावर आणा, मग एपॉक्सी.

पार्सल आल्यावर

पहिला नियम: फेरूलवर (तुकड्यांच्या जोडावर) धागा बांधण्याआधी ब्लँक वाकवायचा नाही. बहुतेक फ्लाय ब्लँकमध्ये वरचा तुकडा खालच्यावर टोपीसारखा बसतो, आणि त्या टोपीची कड कोरी येते. तशीच वाकवली की कड उभी फाटते, आणि ते विक्रेत्याच्या खात्यात जात नाही. डबा उघडल्याबरोबर तुकडे जोडून छतापर्यंत हलवून बघायचा मोह आवरा. वाकवून बघायचंच असेल तर आधी प्रत्येक टोपीच्या कडेवर धागे असलेला पॅकिंग टेप अर्धा इंच रुंद, घट्ट, तीन वेढे द्या.

मग तपासणी. प्रत्येक तुकडा काचेच्या टीपॉयवर लोळवा. किंचित बाक सगळ्यांत असतो, एका बाजूला टिचकी मारल्यासारखा उड्या मारणारा तुकडा परत पाठवा. भिंगाने टोप्यांच्या कडा बघा. बोटांच्या टोकांनी लांबीभर हात फिरवा: नागमोडी बारीक कंगोरे ही भट्टीत गुंडाळलेल्या टेपची खूण, त्यात दोष नाही. एकाच जागी उंचवटा किंवा मऊ डाग लागला तर तो दोष. तुकडे जोडताना शेवटच्या अर्ध्या इंचात घट्ट व्हायला हवेत. सुरुवातीलाच अडकणारा जोड बसत नाही, शेवटपर्यंत सैल जाणारा खळखळतो. हलक्या हाताने हलवून कान द्या: टकटक ऐकू आली तर जोड सैल.

स्पाइनवर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. तुकड्याचं खालचं टोक टेबलावर, वरचं बोटांच्या चिमटीत धरून मधोमध हलकं दाबत फिरवलं की तो एका स्थितीत उडी मारून थांबतो, ती स्पाइन. आजच्या ब्लँकमध्ये ती क्षीण असते. नैसर्गिक बाक बघून गाइडची बाजू ठरवणं जास्त उपयोगी: रॉड डोळ्यासमोर धरल्यावर बाक उजवी-डावीकडे न दिसता वर-खाली दिसेल अशी.

घरच्या घरी ताकद मोजणं

अमेरिकेत डॉ. विल्यम हॅनेमन यांनी २००३ मध्ये ‘कॉमन सेंट्स’ नावाची पद्धत मांडली. २.५ ग्रामची एक सेंटची नाणी टोकाला टांगून, रॉड तिच्या लांबीच्या एक तृतीयांश वाकेपर्यंत किती लागतात ते मोजायचं. आपल्याकडे नाण्यांऐवजी पाणी सोपं, १ मिलिलिटर म्हणजे १ ग्राम.

कडांना टेप लावलेला ब्लँक जोडा. बट जमिनीपासून साडेपाच फुटांवर, अगदी आडवा, घट्ट बांधा: उंच कपाटावर दोन जाड पुस्तकांमध्ये दाबून, किंवा खिडकीच्या गजाला फळी बांधून. अकरा फूट सरळ जागा फ्लॅटच्या हॉलमध्ये तिरकी मिळते, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याची ओसरी मिळाली तर प्रश्नच नाही. गच्चीवर करू नका, वारा आकडे बिघडवतो, आणि उत्तरायणाच्या दिवसांत तर काचेचा मांजा ब्लँकवर घासला तरी पुढे मोडायला जागा तयार होते.

मोकळं टोक जिथे आहे तिथे भिंतीवर खूण करा, त्याखाली ४४ इंचांवर दुसरी. टोकाला कागदी क्लिप टेपने चिकटवून तिच्यात छोटी प्लास्टिकची पिशवी अडकवा. १० मिलिलिटरच्या सिरिंजने थोडं थोडं पाणी घालत जा, टोक दुसऱ्या खुणेवर येईपर्यंत. टोक हाताने ओढून खाली आणायचं नाही. पिशवी-क्लिपसकट वजन काट्यावर घ्या. त्याच स्थितीत मोबाइलने बाजूने फोटो काढून टोकाच्या शेवटच्या चार-पाच इंचांचा आडव्या रेषेशी कोन मोजा: ५९ अंशांखाली संथ, ५९ ते ६३ मध्यम, ६३ ते ६६ मध्यम-फास्ट, त्यापुढे फास्ट. हलक्या स्विचला ६० ते ६६ बरं.

नुसत्या ग्रामला अर्थ नाही, तुलना हवी. ओळखीतल्या कुणाची ६ नंबरची सिंगल हँड रॉड त्याच पद्धतीने, तिच्या लांबीच्या एक तृतीयांशावर मोजा. ४ नंबरच्या स्विच ब्लँकला तेवढेच किंवा थोडे जास्त ग्राम लागले तर नंबर खरा. बरेच कमी लागले तर हातात ३ नंबर आहे, आणि हेड त्याप्रमाणे २४० च्या आसपास घ्यायचं. ब्लँक वाईट ठरत नाही, त्याचं लेबल चुकलेलं असतं एवढंच.

कायमचं चिकटवण्याआधी फेकून बघा

फेरूलच्या कडा आधी ए साइजच्या धाग्याने दहा-बारा मिलिमीटर बांधून एपॉक्सी द्या. एपॉक्सीचं काम बडोद्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. मे महिन्यात चाळिशीपार तापमानात ते वाटीतच घट्ट होतं, पावसाळ्यातल्या दमटपणात वर चिकट पांढुरकी साय धरते. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटला बंदीच असते, तेव्हा वेळही मोकळा असतो.

अकरा फुटांना टिप-टॉप सोडून ११-१२ गाइड लागतात, त्यात खालचे दोन मोठ्या तोंडाचे, म्हणजे स्ट्रिपर, १६ आणि १२ मिलिमीटरचे. सगळे मास्किंग टेपने लावा, टिप-टॉप हॉट मेल्ट गोंदाने. हँडल तात्पुरतं टेपने उभारा आणि शेजारच्या दोन वजनांची हेड मागून घ्या: ४ नंबरसाठी २७० आणि ३००.

स्पेला पाण्याचा धर लागतो, पण त्यासाठी विश्वामित्रीच्या काठावर उभे राहू नका. मगरी पुलावरून दिसतात तेवढ्याच नसतात, आणि आजव्याच्या जलाशयातही त्या आहेत. पहाटेचं दव पडलेलं क्रिकेटचं मैदान पुरेसं. लीडरला फूट-फूट अंतरावर गाठी मारून टोकाला लोकरीचा तुकडा बांधा, गाठी गवतात धरतात आणि खोटा का होईना अँकर मिळतो. जोडांवर मेणबत्तीचं मेण चोळा आणि वरून इलेक्ट्रिकल टेपचे दोन वेढे द्या, कारण स्पे कास्ट जोडांना पीळ देतो आणि सैल झालेला वरचा तुकडा हेडसकट उडून जातो.

२७० वर रॉड काठीसारखी ताठ आणि ३०० वर लाइन सहज सुटते असं झालं तर ३३० पण मागून बघा. ३०० वर टोक कास्टच्या शेवटी मागे खेचल्यासारखं वाटलं आणि लूप उघडा पडला तर वरची मर्यादा झाली. गाइडच्या दोन पायऱ्यांमध्ये लाइन ब्लँकला घासते का ते कुणालातरी रॉड वाकवायला लावून बाजूने बघा. घासत असेल तिथे एक गाइड वाढवा किंवा वरचे दोन इंच-दीड इंच खाली सरकवा. शेवटी रील जागेवर ठेवून तोल बघा: रॉड टोकाकडे झुकत असेल तर रील सीट एक इंच वर-खाली करून जागा पक्की करा, पांढऱ्या पेन्सिलीने ब्लँकवर प्रत्येक गाइडच्या पायाची खूण करा, आणि मगच टेप काढून आर्बरसाठी एपॉक्सी कालवा.